सार्वजनिक सायकल: गावाला पेलेल का?

वाचकांचे प्रश्न

एका ठिकाणी सायकल घ्यावी, दुसऱ्या ठिकाणी सोडून द्यावी आणि वापरलेल्या वेळेपुरतेच पैसे भरावेत, अशा सार्वजनिक सायकल योजनांविषयी या महिन्यात इतकी पत्रे आली की सदराची सगळी पाने त्यांनाच द्यावी लागली. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण ते पत्र एका प्रत्यक्ष निर्णयाशी निगडित आहे आणि तो निर्णय येत्या काही आठवड्यांत व्हायचा आहे.

प्रश्न: आमचे गाव दीड लाख वस्तीचे असून क्षेत्र सुमारे १५ चौरस किलोमीटर आहे. एका कंपनीने नगरपालिकेपुढे ३०० सायकली आणि २० थांब्यांचा प्रस्ताव ठेवला आहे. पालिकेने फक्त जागा द्यायची, पैसा एकही द्यायचा नाही. सभागृह खूश आहे. नागरिक समितीचा सदस्य म्हणून मला मत द्यायचे आहे. अशा योजना खरोखर चालतात का? (गावाचे नाव छापू नये, ही विनंती.)

उत्तर: चालतात. परंतु प्रस्तावातल्या ज्या आकड्यामुळे सभागृह खूश झाले, म्हणजे पालिकेचा खर्च शून्य, त्याच आकड्याकडे आपण सर्वांत आधी संशयाने पाहावे. त्याचे कारण पुढे येईलच. तत्पूर्वी ‘चालणे’ म्हणजे काय ते ठरवू, कारण उद्घाटनाच्या दिवशी फुगे बांधून रांगेत उभ्या केलेल्या सायकली जगात सगळीकडे चांगल्याच दिसतात.

किती सायकली आणल्या, हा आकडा फारसा काही सांगत नाही. एक सायकल दिवसातून किती वेळा वापरली गेली, हा आकडा सांगतो. शहरी वाहतुकीच्या क्षेत्रात काम करणारी इन्स्टिट्यूट फॉर ट्रान्सपोर्टेशन अँड डेव्हलपमेंट पॉलिसी ही संस्था आपल्या मार्गदर्शिकेत दर सायकलीमागे दिवसाला चार ते आठ फेऱ्या हे प्रमाण चांगले मानते. चारपेक्षा कमी फेऱ्या झाल्या तर सायकली उन्हात उभ्या राहून गंजतात आणि खर्च डोक्यावर बसतो. आठपेक्षा जास्त झाल्या तर लोकांना हवी तेव्हा सायकल मिळेनाशी होते आणि दोन वेळा निराश झालेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारावा, की जिथे आपली योजना आज सुरू आहे तिथे हा आकडा काय आहे आणि तो पालिकेला दरमहा कळवण्याचे बंधन करारात लिहून द्याल का?

दुसरा मुद्दा थांब्यांच्या दाटीचा. तीच मार्गदर्शिका दर चौरस किलोमीटरला १० ते १६ थांबे असावेत असे सांगते. आपल्याकडे १५ चौरस किलोमीटरांत २० थांबे म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम सव्वा थांबा पडतो आणि दोन थांब्यांमधले अंतर पाऊण ते एक किलोमीटर होते. आता एसटीतून उतरलेल्या, कोर्टात तारीख असलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. स्टँडवरची सायकल त्याने घेतली, कोर्टाच्या आसपास सोडायला थांबा शोधला, तो सापडला कोर्टापुढे सहाशे मीटरवर, आणि तिथून तो चालत मागे आला. पुढच्या तारखेला तो मुकाट्याने सहा आसनी रिक्षात बसेल, आणि ते शहाणपणाचेच होईल. पॅरिसमध्ये जुलै २००७ मध्ये ‘वेलिब’ ही सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली तेव्हा साधारण दर तीनशे मीटरवर थांबा, हे सूत्र ठरवूनच नकाशा आखला होता. पॅरिस फार मोठे वाटत असेल तर डब्लिन पाहावे. २००९ मध्ये तिथे केवळ ४५० सायकली आणि ४० थांब्यांवर योजना सुरू झाली, परंतु ती दोन कालव्यांच्या मधल्या आटोपशीर मध्यवस्तीतच ठेवली होती. सायकली थोड्या, थांबे जवळ जवळ. त्यामुळे लोकांना सवय लागली आणि पाच वर्षांत सायकली दीड हजारांवर नेता आल्या. आपल्या प्रस्तावातले आकडे डब्लिनच्या जवळपासचे आहेत, फक्त त्यांची फोडणी सगळ्या गावावर शिंपडली आहे. तेच २० थांबे एसटी स्टँड, बाजारपेठ, कॉलेज आणि कचेऱ्या यांच्यामधल्या दोन चौरस किलोमीटरांत बसवले तर प्रस्तावाचा अर्थच बदलतो. यावर उपनगरांतले नगरसेवक रागावतील. त्यांना प्रामाणिकपणे सांगावे लागेल की पहिली दोन वर्षे तुमच्या वॉर्डात थांबा येणार नाही. माझ्या मते ही योजना सुरू करताना याहून कठीण काम दुसरे नाही.

आता खर्चाकडे वळतो. सायकलीचे भाडे लोकांना परवडेल इतके ठेवले तर त्या भाड्यात देखभाल, दुरुस्ती, माणसांचे पगार आणि बदली सायकली हे सगळे सहसा निघत नाही. कुणीतरी ती तूट भरतेच. पॅरिसमध्ये जेसीडेको या जाहिरात कंपनीने सायकली चालवल्या आणि बदल्यात शहरातले सुमारे १,६०० जाहिरात फलक तिला मिळाले. म्हणजे पालिकेने रोख रक्कम दिली नाही तरी फलकांचे उत्पन्न दिले. न्यूयॉर्कमध्ये सिटी बँकेने नाव लावण्यासाठी पाच वर्षांचे ४ कोटी १० लाख डॉलर मोजले. लंडनमध्ये सार्वजनिक वाहतूक चालवणारी संस्थाच सायकलीही सांभाळते आणि जोडीला बँकेचे प्रायोजकत्व असते. ‘आम्हाला पालिकेकडून काहीच नको’ असे कुणी म्हणत असेल तर तूट कोण भरणार, हे त्याने सांगितलेले नसते, इतकाच त्याचा अर्थ.

चीनमध्ये हे सगळ्यांत ढळढळीतपणे दिसले. बीजिंगच्या विद्यापीठातून निघालेल्या ‘ओफो’ या कंपनीने प्रत्येक ग्राहकाकडून आधी ९९ आणि पुढे १९९ युआन अनामत घेतली. अनामत ग्राहकामागे घेतली जाते, सायकलीमागे नव्हे. एक सायकल दिवसभरात दहा माणसांच्या हाती गेली तर एका सायकलीपोटी दहा अनामती जमा होतात, आणि नव्या सायकली आणून टाकण्याचा उत्साह या पैशामुळे आणखी वाढतो. २०१८ च्या अखेरीस कंपनी अडचणीत आली तेव्हा अनामत परत मागणाऱ्यांच्या ऑनलाइन रांगेत एक कोटीहून अधिक लोक उभे होते. आपल्या प्रस्तावात अनामत असेल तर ती पालिकेच्या वेगळ्या खात्यात राहील, कंपनीला तिला हात लावता येणार नाही, एवढी अट घातल्याशिवाय सही करू नये.

आणखी एक गोष्ट बहुतेक प्रस्तावांत एका ओळीत उरकलेली असते, पण माझ्या दृष्टीने तीच सगळी योजना आहे. सकाळी नऊला सगळ्या सायकली कॉलेजकडे जातात आणि स्टँडवर एकही उरत नाही. संध्याकाळी याच्या उलट होते. भरती-ओहोटीसारखा हा प्रवाह रोज ठरलेला असतो, आणि तो समतोल करायला टेम्पो लागतो, चालक लागतो, दोन पोरे लागतात. हौद्यात सायकली आडव्या लावायच्या, हँडल एकमेकांत अडकू नयेत म्हणून मधे पुठ्ठे घालायचे, उतरवताना प्रत्येकीची हवा दाबून पाहायची, चेन उतरलेली असेल तर तिथेच बसवायची, चाक आऊट झालेले असेल तर ती वेगळी काढायची. नव्या योजनेचे आम्हाला दाखवले जाणारे छायाचित्र मोबाइलवरच्या ॲपचे असते. ते या टेम्पोचे असते तर मी निम्मे प्रश्न विचारलेच नसते. टेम्पो किती, दुरुस्तीची माणसे किती, बिघडलेली सायकल किती तासांत उचलायची आणि नाही उचलली तर दंड किती, हे चार आकडे करारात नसतील तर आपण विरोधात मत द्यावे.

पालिकेला दरवर्षी काही रक्कम बाजूला काढणे खरोखरच शक्य नसेल, तर या पानांवरचे शेवटचे उत्तर वाचावे. आपल्या आकाराच्या गावासाठी मला ती वाट अधिक बरी वाटते.

प्रश्न: पुण्यात एवढा गाजावाजा झाला आणि दोन वर्षांत सगळे गुंडाळले गेले. आपल्या लोकांनाच सार्वजनिक वस्तूची किंमत नाही, हेच खरे कारण नाही का? (एक ज्येष्ठ वाचक, औंध)

उत्तर: आपला संताप समजतो, पण निष्कर्ष अर्धाच पटतो.

डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये पहिल्या सायकली आल्या. त्याच महिन्यात महापालिकेने ८२४ किलोमीटर सायकलमार्गांचा समावेश असलेला सर्वंकष आराखडा मंजूर केला. पुढच्या काही महिन्यांत पेडल, ओफो, मोबाइक आणि युलू अशा चार कंपन्यांच्या पिवळ्या, केशरी, हिरव्या सायकली रस्त्यांवर दिसू लागल्या. या सगळ्या डॉक, म्हणजे सायकल अडकवून ठेवण्याचा ठरलेला खांब, नसलेल्या योजना होत्या. मागच्या चाकाला कुलूप, कुलपावरचा कोड मोबाइलने टिपायचा, आणि जिथे उतराल तिथे सायकल सोडायची. सायकलींची कुलपे तोडली गेली, सुटे भाग काढले गेले, काही सायकली सोसायट्यांच्या जिन्याखाली ‘घरच्या’ झाल्या, हे सगळे खरे आहे.

परंतु पॅरिसमध्ये काय झाले होते पाहा. पहिल्या दोन-अडीच वर्षांत तिथल्या मूळच्या वीस हजारांच्या आसपास सायकलींपैकी बहुसंख्य चोरीला गेल्या किंवा मोडल्या. मँचेस्टरमधून मोबाइकने सप्टेंबर २०१८ मध्ये गाशा गुंडाळला तोही मोडतोडीचे कारण देऊनच. सार्वजनिक वस्तूची नासधूस करण्यात पुणेकर काही जगावेगळे ठरत नाहीत. फरक एवढाच की पॅरिसमध्ये पालिकेने करारात दुरुस्ती करून चोरीच्या खर्चातला वाटा उचलला, कारण सायकल ही आपली सेवा आहे असे तिने मानले होते. पुण्यात कंपन्यांना परवानगी होती, जागा होती, शुभेच्छा होत्या, पण तूट भरून देणारा करार नव्हता. ओफोने २०१८ मध्ये भारतातून अंग काढून घेतले ते तिच्या मूळ कंपनीचा श्वास कोंडल्यामुळे. मोबाइक त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनमधल्या मेइतुआन या कंपनीने विकत घेतली, आणि मग परदेशातले पसारे आवरणे सुरू झाले. औंधमधल्या सायकलीचे भवितव्य औंधमध्ये नव्हे, तर बीजिंगमध्ये ठरत होते.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. त्या काळात एका कंपनीची सायकल घेऊन मी सकाळी एका मित्राच्या सोसायटीपर्यंत गेलो. उतरल्यावर कुलपाची दांडी काही केल्या खाली बसेना, आणि कुलूप लागल्याशिवाय मोबाइलमधले घड्याळ थांबेना. वीस मिनिटे खटपट केल्यावर रखवालदाराने विटेचा तुकडा उचलला आणि म्हणाला, “साहेब, ह्याला असंच लागतं.” एका टोल्यात कुलूप लागले. त्या कुलपावर आधीच्या टोल्यांचे पाच-सहा चरे होते. ही मोडतोड म्हणायची की देखभाल, हे मला अजून ठरवता आलेले नाही. परंतु दुरुस्ती करणारा माणूस आठवड्यातून एकदा जरी त्या गल्लीत आला असता तर वीट लागली नसती.

विद्यापीठाच्या आवारात मात्र ही कल्पना चपखल बसत होती. चारशे एकरांहून मोठे आवार, एकमेकांपासून दूर असलेले विभाग, सावलीचे रस्ते, मंद वाहतूक, रोज तेच विद्यार्थी आणि फाटकावर पहारा. हे सगळे बाहेरच्या गणेशखिंड रस्त्यावर नव्हते.

प्रश्न: मी बारा वर्षे मेलबर्नमध्ये राहते. इथली निळी सार्वजनिक सायकल बंद पडली आणि लोक हेल्मेटसक्तीला दोष देतात. भारतातही सक्ती आली तर? (एक वाचक, मेलबर्न)

उत्तर: दोष देणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या शहरात २०१० मध्ये सुमारे सहाशे सायकलींची योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ती थांबली. सार्वजनिक सायकलीचा सगळा जीव अचानक ठरलेल्या छोट्या फेरीत असतो. ट्राम चुकली, दहा मिनिटांचे अंतर आहे, समोर सायकल आहे, अशा वेळी माणूस ती घेतो. त्या क्षणी त्याच्या पिशवीत हेल्मेट नसते. तिथल्या सरकारने दुकानांतून पाच डॉलरला हेल्मेट विकण्याची सोय केली, हे आपणही पाहिले असेल. पण पाच मिनिटांच्या फेरीसाठी आधी दुकान गाठायचे म्हटले की फेरीतली मजा संपते. सिएटलमध्येही हेल्मेटसक्ती होती आणि तिथली पाचशे सायकलींची ‘प्रॉन्टो’ ही योजना २०१४ ते मार्च २०१७ एवढीच टिकली. तरीही सगळे खापर हेल्मेटवर फोडता येणार नाही, कारण दोन्ही ठिकाणी थांबे विरळ होते आणि पहिल्या उत्तरातले गणित तिथेही लागू पडत होते.

आपल्याकडे पायडलच्या सायकलीला हेल्मेटसक्ती नाही. डोक्याचे रक्षण व्हावे हे कुणीही मान्य करील, पण मोटारींचा वेग आटोक्यात ठेवण्याने सायकलस्वाराचे जितके रक्षण होते तितके हेल्मेटने होत नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न: अकोल्यात मे महिन्यात घराबाहेर पाऊल ठेववत नाही. उष्ण प्रदेशात सायकलीच्या गप्पा म्हणजे थंड हवेच्या देशांची नक्कल नव्हे काय? (एक शिक्षक, अकोला)

उत्तर: स्पेनमधल्या सेव्हिल शहराचा उन्हाळा अकोलेकरांना परका वाटणार नाही, तिथे जुलै-ऑगस्टमध्ये पारा अनेकदा चाळीस अंश ओलांडतो. त्या शहरात २००६ नंतर अवघ्या चार-पाच वर्षांत सुमारे १२० किलोमीटर लांबीचे, मोटारींपासून वेगळे केलेले आणि सलग जोडलेले सायकलमार्ग बांधले गेले. २००७ मध्ये अडीच हजार सायकली आणि अडीचशे थांब्यांची सार्वजनिक योजना त्यावर सोडली गेली. जिथे सायकल जवळजवळ दिसतच नव्हती तिथे ती रोजच्या रहदारीचा ठळक भाग झाली. महत्त्वाचे हे, की रस्ता आणि सायकल दोन्ही हातात हात घालून आले.

पुण्यात सायकलमार्ग आधीपासून होते, असे कुणी म्हणेल. होते, कुठे त्यांच्या मधोमध विजेचा डीपी, कुठे भेळेची गाडी, कुठे चौक आला की मार्ग एकाएकी गायब. चौकातच धोका सर्वाधिक असतो आणि तिथेच मार्ग संपत असेल तर आधीच्या शंभर मीटरांचा उपयोग दुचाकी लावण्यापुरता उरतो.

पावसाविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. चीनमधले हांगझोऊ हे दमट आणि पावसाळी शहर आहे. २००८ मध्ये तिथे योजना सुरू झाली, पहिला तास मोफत ठेवला गेला, बसचे कार्डच सायकलीला चालू लागले आणि काही वर्षांत सायकली साठ हजारांवर गेल्या. चालवणारी संस्था सार्वजनिक होती, आणि चीनमध्ये खासगी कंपन्यांच्या टाकून दिलेल्या सायकलींचे डोंगर साचत असताना ही योजना टिकून राहिली.

मे महिन्याच्या भर दुपारी अकोल्यात कुणी सायकल चालवणार नाही, हे मान्यच आहे. त्या वेळी कुणी चालतही नाही. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतरच्या फेऱ्यांवर हिशेब बसतो का, ते पाहावे.

प्रश्न: साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे येताना चांगलीच चढण आहे. इथे सार्वजनिक सायकल चालेल का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा)

उत्तर: राजवाड्यावरून नाक्याकडे नक्की चालेल! गंमत बाजूला ठेवू. उताराच्या शहरांचे दुखणे नेमके हेच असते, की सायकली खाली येतात आणि वर कुणी नेत नाही. पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवरचे थांबे असेच रिकामे पडत. त्यावर उपाय म्हणून उंचावरच्या थांब्यावर सायकल सोडणाऱ्याला पंधरा मिनिटे जादा मोफत वेळ दिली जाऊ लागली. काही जण त्यासाठी घाम गाळत असत, पण टेम्पोचे काम त्याने थांबले नाही. २०१८ मध्ये योजना नव्या कंत्राटदाराकडे गेली तेव्हा सुमारे एक तृतीयांश सायकली विजेवर चालणाऱ्या ठेवल्या गेल्या आणि चढणीचा प्रश्न बराच सैल झाला. विजेची सायकल महाग असते, तिची बॅटरी वेळोवेळी चार्ज करावी किंवा बदलावी लागते आणि चोराला तिच्यात अधिक रस असतो. साताऱ्यासाठी विजेची सायकल हाच पर्याय आहे. साध्या सायकली आणल्या तर वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही रस्त्यांनी त्या नाक्यावर येऊन थांबतील.

प्रश्न: मिरजेत माझे तासावर सायकल देण्याचे दुकान होते, १९९४ साली बंद केले. आम्ही जे करत होतो तेच आता कोट्यवधी रुपये घालून करतात. मग आमच्यात आणि यांच्यात फरक तो काय? (एक माजी दुकानदार, मिरज)

उत्तर: आपल्या पत्राने मला चाळीस वर्षे मागे नेले. आमच्या गावात अशा दुकानाच्या दारात लहान मुलांच्या चार ‘अर्ध्या’ सायकली आणि मोठ्या दहा-बारा उभ्या असत. प्रत्येकीच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला. मालक अनामत मागत नसत, “कुणाचा रे तू?” एवढे विचारत, लांबट वहीत वडिलांचे नाव, सायकलीचा नंबर आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहून वेळ लिहीत. परत आल्यावर पुढचे चाक उचलून एकदा फिरवून पाहत. ते डुलत असेल तर कुठे आपटली ते आपण सांगेपर्यंत त्यांची नजर हटत नसे. पाच मिनिटे उशीर झाला तर सोडून देत, पंधरा मिनिटे झाला तर अर्ध्या तासाचे पैसे घेत. त्या वहीत आजच्या ॲपमधली माहिती होती, आणि त्या नजरेत दुरुस्ती विभाग होता.

फरक एकच, पण मोठा: आपल्याकडे सायकल जिथून नेली तिथेच परत आणावी लागे. हा दोष समजून नव्या योजनांनी तो काढून टाकला आणि त्यातूनच टेम्पो, डॉक, उपग्रहाने ठिकाण सांगणारे कुलूप हा सगळा खर्च उभा राहिला. आता मी जे सांगणार आहे ते ऐकून आपल्याला समाधान वाटेल. नेदरलँड्समध्ये सायकलींचा तोटा नसताना तिथली रेल्वे कंपनी ‘ओव्ही-फीट्स’ नावाची सेवा चालवते, आणि ती आपल्या दुकानाच्याच नियमावर चालते. प्रवासी गाडीतून उतरतो, स्टेशनवरची निळी-पिवळी सायकल घेतो, दिवसभर गावात फिरतो आणि संध्याकाळी त्याच स्टेशनवर ती परत करून घरची गाडी पकडतो. भाडे मिनिटांवर नसून चोवीस तासांचे आहे. सायकल आपोआप मूळ जागी येत असल्यामुळे ती इकडून तिकडे हलवण्याचा खर्च जवळजवळ उरत नाही. वीस हजारांहून अधिक सायकली आणि २०१९ मध्ये पन्नास लाखांहून अधिक फेऱ्या, एवढा तिचा पसारा झाला आहे.

पहिल्या प्रश्नातल्या गावाला मी हीच वाट सुचवीन. वीस थांब्यांचा विचार सोडावा. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन असेल तर ते, अशा एक-दोन जागी, छपराखाली, पन्नास-साठ साध्या पण मजबूत सायकली ठेवाव्यात. साडी नेसलेल्या किंवा पाय उचलायला त्रास होणाऱ्या व्यक्तीलाही बसता यावे म्हणून मधली दांडी खाली असलेल्या, पुढे टोपली, मागे कॅरिअर. चालवायला गावातल्याच एखाद्या सायकल दुरुस्तीवाल्याला ठेका द्यावा आणि फेऱ्यांच्या संख्येऐवजी रोज सकाळी किती सायकली चालण्याजोग्या आहेत यावर त्याला पैसे द्यावेत. वहीच्या जागी मोबाइल क्रमांक आणि ओळखपत्र असावे. बाहेरगावाहून शिकायला, तारखेला, दवाखान्यात येणारे लोक सकाळी सायकल नेतील आणि परतीच्या गाडीच्या वेळी आणून देतील. याने गावातली सगळी वाहतूक सुधारणार नाही. स्टँडपासून दोन-तीन किलोमीटरच्या परिघातला एक प्रश्न सुटेल आणि वर्षाचा खर्च पालिकेच्या आवाक्यात राहील.

आपण पत्रात विचारले आहे की दुकान बंद का पडले असावे. पत्रातल्या सालाच्या मागेपुढेच आपल्याकडे घरोघरी दुचाकी येऊ लागली, हे एक कारण आपल्यालाही ठाऊक आहे. दुसरे आपण स्वतःच लिहून गेला आहात: दुकान संध्याकाळी सातला बंद होत असे. स्टँडवरच्या नव्या दुकानाला ही चैन परवडणार नाही. शेवटची गाडी रात्री पावणेदहाला येत असेल तर पावणेदहापर्यंत दिवा लागलेला आणि माणूस बसलेला हवा, आणि ही वेळ ठेक्याच्या कागदावर लिहूनच घ्यावी.